किती हवा हवी

इब्रीत, जुन्या सूकच्या मागच्या गल्लीत
निजाम सोलकरच्या दुकानापुढं
टायरांची उतरंड.
मी कागद घेऊन उभा:
गाडीचं मॉडेल, रिमचं माप,
आणि खाली पेन्सिलीनं, एल फोर, एल फाइव्ह.
"हा शेवटचा कुठल्या कंपनीचा?"
"तो हेमांगीच्या मणक्याचा."

हसला नाही. उकिडवा बसला,
माझ्या चकचकीत सतराच्या रिमवर टिचकी मारली.
"पातळ चपलेनं खडीवर चाललायत कदी?
तसंच हे. रिम मोठा, रबर बोटभर.
रस्ता थेट सीटात येतो.
सोळाचा रिम घ्या, साठाची कड घ्या.
गाडी जरा गरीब दिसंल."

दिसली गरीब. ज्या रिमसाठी
दोन महिने ओव्हरटाइम केला होता
ते त्यानं भिंतीला टेकवून ठेवले,
लग्नातल्या बुटांसारखे.

बाहेर उन्हात होते ते स्वस्त होते.
तो आत गेला, अंधारातून चार ओढून आणले,
कडेवरचे चार आकडे अंगठ्यानं पुसून दाखवले:
कितवा आठवडा, कुठलं साल.
"इकडं टायर न चालताच म्हातारा होतो, साहेब.
माणसासारका."

मग हवा.
दाराच्या खांबावर लिहिलंय तेहतीस.
पंपावरचा पोरगा न विचारता अडतीस भरतो.
मी म्हटलं, सव्वीस ठेवू? गादीसारखं?
त्यानं नळी माझ्या हातातून काढून घेतली.
"वाळूत उतरलात तर काडा.
डांबरावर नको. पन्नास डिग्रीत
कड वाकून वाकून तापते, आनि फुटते.
मऊ म्हंजे ढिला न्हाय.
सकाळी मोजा, गाडी गार असताना.
दुपारचा आकडा खोटा बोलतो."

तेव्हापासून पहाटेच्या बांगेआधी
मी चाकाशी गुडघे टेकून.
वरच्या मजल्यावरचा मिस्री मास्तर
गॅलरीतून बघतो, त्याला वाटत असेल
ह्याची प्रार्थना चार दिशांना आहे.
किती हवा हवी:
आपल्या भाषेत विचारायला सोपं.
फुस्स करून थोडी सोडतो, पुन्हा भरतो,
बत्तीस, तेहतीस, बत्तीस.

आधी निजव्याच्या दवाखान्याला जाताना
हेमांगी गतिरोधक मोजायची. तोंडानं नाही,
सीटबेल्टवरच्या मुठीनं.
मी आरशात मागचा ट्रक बघायचो
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ती मूठ.

नव्या चाकांवर पहिल्यांदा निघालो.
इब्री मागं पडलं, डोंगर पिवळे झाले,
ती काहीच बोलेना.
शेवटी मीच, "कसं वाटतंय?"
"घरघर गेली," ती म्हणाली.
"आता तुझं पुटपुटणं ऐकू येतं.
मघापासून तेहतीस तेहतीस चाललंय."

बहलाच्या अलीकडं, कुंभाराच्या रांजणांपाशी,
गाडी कडेला घ्यायला लावली.
उतरली, एक हात टपावर,
हळूहळू समोरून वळसा घालून माझ्या दाराशी.
"मंगळवारी तीन महिने झाले.
डॉक्टर चालवू नको म्हणालेला तीनच महिने."
"पण..."
"सरक."

मी तिच्या जागी बसलो.
पाठीमागं तिची टॉवेलची गुंडाळी,
बेल्टची कड एका ठिकाणी
नखांनी विसविशीत झालेली.
माझा हात आपोआप तिथंच गेला.
निजव्यापर्यंत मी नऊ मोजले.
नवव्याला ती मुद्दाम हळू झाली नाही,
चाकं दबली, उठली, पुढं गेली,
आणि तिनं ओठ दाबले ते कळ म्हणून
की हसू म्हणून, ह्या बाजूनं दिसत नाही.

मागच्या डाव्या चाकात
सकाळी एक कमी होती.
मी सांगितलं नाही.